बारा रेघांची उडी

रविवारी सकाळी येतो, असं हिंदुरावाचं कार्ड आलं, त्या दिवसापासून ईरप्पा मास्तरांना अन्न गोड लागेना. कार्ड तसं आनंदाचंच होतं. मोहोळकडचा हा त्यांचा जुना विद्यार्थी आता पुण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होता. त्यानं लिहिलं होतं, ‘आपलं पत्र आमच्या प्रोफेसरसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, ती उडी तू स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. खरी असली तर मी तुझ्या मास्तरांच्या शाळेला पत्र देतो.’

‘खरी असली तर’ या शब्दांवर मास्तरांचं बोट अडकलं ते अडकलंच. कार्ड त्यांनी पंचांगात ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली होती. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण वर्गाबाहेर चार माणसांत त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. निरोपाच्या समारंभात त्यांना बोलायला उभं केलं, तेव्हा ते ‘मी काय बोलणार’ एवढं म्हणून खाली बसले होते. मात्र दुसऱ्याच दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन त्यांनी एक वस्तू मागून घेतली होती, आणि एवढं धैर्य आपल्याला कुठून आलं याचं त्यांना अजून नवल वाटायचं. ती वस्तू म्हणजे शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला गॅल्व्हानोमीटर. अगदी बारीकशी वीज वाहिली तरी त्याचा इवलासा आरसा हलायचा. आरशावर दिव्याची तिरीप सोडली की उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवरच्या कागदी पट्टीवर सरकायचा. ठिपका किती रेघा सरकला ते बघायचं, की वीज किती ते कळलं.

हेडमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी दोन वर्षं काही विचारलं नाही. पण यंदा एप्रिलमध्ये निरोप आला : ‘कमिटी विचारते आहे. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत यंत्र ठेवा. पुढे ठेवायचं तर कुणा जाणत्याचं पत्र आणा, म्हणजे मला चार शब्द सांगता येतील.’

आता मेचा तिसरा आठवडा चालू होता.

मास्तरांचा प्रयोग सांगायला सोपा होता. तांब्याचा कीस आणि गंधक मुशीत एकत्र भाजून त्यांनी करंगळीएवढी एक काळीनिळी कांडी तयार केली होती. अशा कांडीचं एक टोक तापवलं आणि दुसरं थंड ठेवलं की तिच्यात आपोआप वीज उत्पन्न होते. ऊन-थंडातला फरक जितका मोठा, तितकी वीज जास्त. इथवर सगळं पुस्तकातलं. पण त्याच पुस्तकात असंही होतं, की हा पदार्थ साधारण एकशे तीन अंशांवर आपलं आतलं रूप पालटतो. वितळत नाही, रंग बदलत नाही, बाहेरून तसाच दिसतो, पण आतली घडण दुसरी होते. या रूप पालटण्याच्या घटकेला त्याच्या विजेचं काय होतं, हे मास्तरांच्या पुस्तकात नव्हतं. ते बघावं, अशी त्यांना इच्छा झाली. इतकंच.

कांडीचं एक टोक करडईच्या तेलाच्या वाटीत होतं. वाटीखाली बारीक वातीचा दिवा, दोन मिनिटांना एक अंश अशा गतीनं तेल तापेल इतकाच मोठा. दुसऱ्या टोकाभोवती पितळेचं एक छोटं वेष्टण होतं आणि त्यातून गार पाणी थेंबथेंब वाहत होतं. ते टोक शेवटपर्यंत सारखंच गार राहायला हवं होतं. पुण्यामुंबईला यासाठी बर्फ वापरत असतील. सोलापूरच्या मे महिन्यात बर्फ घरी येईपर्यंत पिशवीच तेवढी ओली उरते. म्हणून मास्तरांनी स्वयंपाकघरातला पिण्याचा माठ वापरला. भिंतीला एक भोक पाडलं, त्यातून रबरी नळी घातली. भिंतीपलीकडे तिवईवर माठ, अलीकडे अंधाऱ्या खोलीत कांडी. कांडीवरून गेलेलं पाणी बादलीत साठायचं आणि ते त्यांची बायको शिवबाई परसातल्या बेलाच्या रोपाला घालायची.

रविवारच का, तर शेजारच्या पद्मसाळी विणकरामुळे. त्याचे दोन माग चालू झाले की जमीन हादरायची आणि भिंतीवरचा ठिपका अंगात आल्यासारखा नाचायचा. मास्तर आठ दिवस त्याच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते. शेवटी शिवबाईच गेली आणि तेलुगू-कानडी-मराठीची भेळ करून बोलून आली. तेव्हापासून रविवारी दुपारपर्यंत तो मागाला हात लावत नव्हता, सूत उकलायची आणि गुंडाळायची बिनआवाजाची कामं करायचा.

असे सात रविवार झाले. दरवेळी आठच्या सुमाराला दिवा लावायचा. ठिपका अंशाला चार रेघा या हिशेबानं शांतपणे पुढं सरकायचा. आणि साडेदहाच्या आसपास, पारा एकशे तीनच्या जवळ आला की, ठिपका एकाएकी बारा रेघा मागं यायचा. जणू कुणी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. मग पुन्हा आपला पुढं.

पहिल्यांदा ही उडी दिसली त्या दिवशी मास्तर उठून परसात गेले होते आणि बेलाच्या रोपाजवळ उगीच उभे राहिले होते. नवऱ्याला कानडीतलं मानाचं ‘री’ लावणाऱ्या शिवबाईनं विचारलं, ‘‘काय झालं री?’’ तर ते ‘‘काही नाही’’ म्हणाले होते, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी तीनदा भाकरी मागून घेतली.

सातांपैकी पाच वेळा उडी एकशे दोन ते एकशे चारच्या मध्ये आली. एकदा ती अठ्ठ्याण्णवला आली आणि एकदा एकशे सातला. त्या दोन वेळा दिव्याची वात नीट नव्हती असं मास्तरांनी ठरवलं आणि पत्रात त्या घातल्या नाहीत. शिवाय तेल निवताना उडी कधीच दिसली नाही. ते त्यांनी पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं. अक्षर बारीक का काढलं, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

हिंदुराव आला तो सात वाजताच. अंगानं दुप्पट झालेला, डोक्यावर टोपी, पायांत बूट, हातात कातडी बॅग. बोलणं मात्र दारातून आत येईपर्यंत मोहोळचंच.

‘‘हाय का मास्तर घरात? का पोरं आली म्हनून फळ्यामागं दडून बसलाय?’’

मास्तर हसले. त्यांनी त्याची बॅग घेतली, ती कुठं ठेवावी ते सुचेना म्हणून हातातच धरली.

‘‘अव्वा, लई वाळला की ओ मास्तर,’’ हिंदुराव आत डोकावत म्हणाला. जुने विद्यार्थी शिवबाईला अव्वा, म्हणजे आईच, म्हणत.

‘‘वाळतील नाही तर काय,’’ शिवबाई म्हणाली. ‘‘आठ दिवस तुझंच कार्ड खाऊन राहिलेत. बस की बाबा. गव्हाची गोड हुग्गी केली आहे. आधी खातोस का आधी बघतोस?’’

‘‘आदी बगतो. हुग्गी खाल्ली की मला वीज दिसायची न्हाय, झोप दिसंल.’’

आठ वाजता दिवा लागला. खिडक्यांवर गोणपाट लावलेल्या त्या खोलीत दोघं शेजारी शेजारी स्टुलांवर बसले. हिंदुरावानं कोट काढला, कांडी पाहिली, नळीतून पडणारे थेंब मोजले, वेष्टणाला बोट लावून बघितलं. कामाला लागल्यावर त्याची भाषा बदलली.

‘‘हे सुरेख केलंय मास्तर. आमच्याकडं याला विलायतेहून सामान मागवतात.’’

‘‘काहीतरी जुळवलंय झालं.’’

‘‘वाचन मी करू का?’’

‘‘कर की. मी लिहून घेतो.’’

दर दोन अंशांनी हिंदुराव ठिपक्याची रेघ सांगायचा आणि मास्तर वहीत लिहायचे. साठ अंश. सत्तर. ऐंशी. हिंदुराव मधे मधे पुण्याच्या गोष्टी सांगत होता. मास्तरांच्या कानांवर त्या पडत होत्या, आत शिरत नव्हत्या. नव्वदनंतर त्यांनी तळहात धोतराला पुसले.

‘‘शंभर,’’ हिंदुराव म्हणाला. ‘‘तीनशे रेघा.’’

‘‘आता बघ,’’ मास्तर म्हणाले.

एकशे दोन झाले. एकशे तीन झाले. ठिपका पट्टीवरून आपल्या वाटेनं पुढं निघाला होता, बैलगाडीसारखा. एकशे चार. एकशे सहा.

‘‘थोडं पुढं-मागं होतं कधी कधी,’’ मास्तर म्हणाले.

‘‘होऊ दे की. घाई कुठं आहे.’’

एकशे आठ झाले. एकशे दहा. हिंदुराव आकडे सांगत राहिला, मास्तर लिहीत राहिले. एकशे चौदाला हिंदुरावानं रेघ सांगितली आणि नजर पट्टीवरून काढून घेतली. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर चुकलं की मास्तर त्याच्याकडं न बघता खडू शोधायचे. तसाच आता हिंदुराव दिव्याच्या वातीकडं बघत होता, हे मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. स्वतःपेक्षा त्याच्यासाठी. एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात आला बिचारा.

‘‘वाटेत धूळ लई हुती,’’ एकशे अठरा झाल्यावर हिंदुराव उठला. ‘‘तोंड धुऊन येतो. तुम्ही वाचन चालू ठेवा. यंत्रं अशी कधी रुसतात, मास्तर. आमच्या प्रोफेसरसाहेबांपुढंसुद्धा रुसतात.’’

तो परसात गेला. मास्तर त्याच्या स्टुलावर सरकून बसले. आता हा पुण्याला जाऊन काय सांगणार? ‘म्हातारा आहे, एकटा बसतो, त्याला काहीतरी दिसतं.’ त्यांना रागही आला नाही. हेच खरं असेल, असं वाटलं. जूनमध्ये शाळा उघडली की यंत्र कापडात गुंडाळून शाळेत न्यावं लागेल. टांग्यानं न्यावं की हातात धरून चालत? टांग्यात हादरे बसतात. चालतच न्यावं.

एकशे वीस. एकशे एकवीस.

आणि ठिपका मागं आला. एकाएकी. दंडाला धरून ओढल्यासारखा.

मास्तर ताठ झाले. त्यांनी रेघा मोजल्या. बारा. नेमक्या बारा. ‘‘हिंदुराव’’ म्हणून हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. कारण त्याच वेळी त्यांच्या कानांवर एक आवाज पडत होता. भिंतीपलीकडून, डबडब, डबडब. घागर माठात रिकामी होत असल्याचा.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दर रविवारी तो त्यांनी ऐकला होता. घरातले आवाज माणूस ऐकतो तसा ऐकला होता, म्हणजे ऐकलाच नव्हता.

ते तसेच बसून राहिले. सगळं एकदम उलगडलं नाही, एकेक टाका उसवत गेला. नळ साडेदहाला येतो. दिवा आठला लागतो. दोन मिनिटांना एक अंश, म्हणजे एकशे तीन अंश साडेदहाला होतात. अठ्ठ्याण्णवला उडी आली त्या रविवारी नळ लवकर आला असेल. एकशे सातला आली तेव्हा उशिरा. नळाचं पाणी उन्हातल्या लोखंडी नळांतून येतं, ते माठातल्यापेक्षा ऊन असतं. ते माठात पडलं की गार टोक एकदम तीनेक अंशांनी तापणार. ऊन-थंडातला फरक तेवढा कमी होणार. तीन अंश, अंशाला चार रेघा. बारा.

निवताना दुपार झालेली असते. तेव्हा कोण माठ भरतो?

परसातून हिंदुरावाच्या चुळा भरण्याचा आवाज येत होता. तो अजून दोन मिनिटं तरी येणार नव्हता. मास्तरांना एक विचार शिवून गेला, आणि तो आपल्याच डोक्यातला आहे हे त्यांना आवडलं नाही. त्याला बोलावून म्हणायचं, हिंदुराव, आली बघ उडी, आज उशिरा आली. ठिपका मागं आलेलाच आहे. रेघा बाराच आहेत. तो दारातून बघेल. त्याला माठाचं काय ठाऊक?

मास्तरांनी वहीत लिहिलं : ‘एकशे एकवीस अंश. बारा रेघा मागे. माठ भरला.’ मग पेन्सिल खाली ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

शिवबाई पदरानं हात पुसत होती. तिवईवरचा माठ नवा होता, जुन्याच्या दीडपट.

‘‘हा कधी आणला?’’

‘‘काल. कुंभारवाड्यातून. जुना छोटा पडतो री, तुमच्या त्या नळीनं दहा वाजेपर्यंत अर्धा होतो. म्हणून मी दर रविवारी नळ आला की भरत होते. तुम्हीच सांगितलं नव्हतं का, माठ आटू देऊ नको म्हणून?’’

‘‘सांगितलं होतं.’’

‘‘आज पाहुणा बसलेला. मधेच घागरी कशाला वाजवायच्या, म्हणून पहाटेच मोठा भरून ठेवला. आता तो बाहेर आला, म्हटलं तुमचं झालं. नळ जायची वेळ झाली, म्हणून दोन घागरी ओतल्या.’’ ती थांबली. ‘‘चुकलं का काही?’’

‘‘तुझं काही चुकलं नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तू एकटीच इथं सांगितल्याप्रमाणं काम करत होतीस.’’

हिंदुराव ओल्या तोंडानं मागं उभा होता. मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं. दोन वर्षांत ते सलग इतकं कुणाशी बोलले नव्हते. माठ, नळाची वेळ, अठ्ठ्याण्णव, एकशे सात, आणि बारीक अक्षरातली ती शेवटची ओळसुद्धा. सांगताना मधेच थांबावं असं वाटलं नाही.

हिंदुराव माठाकडं बघत राहिला. मग त्याच्या पोटातून हसू उमटलं, मोहोळच्या बाजारात ऐकू जाईल असं.

‘‘म्हंजी अव्वा, सात रविवार तुमीच मास्तरांच्या यंत्राला मागं वडत हुता की ओ.’’

‘‘मी? मी तर त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही.’’

‘‘तेच तर.’’

मास्तरांनाही हसू आलं. आपल्याला हसू येतंय याचं त्यांना आश्चर्य वाटलं. उडी गेली होती, यंत्र जाणार होतं, आणि तरी अंगावरचं काहीतरी जड उतरवून ठेवल्यासारखं वाटत होतं.

‘‘प्रोफेसरसाहेब काय म्हणाले होते, सांगू?’’ हिंदुराव खोलीत परत येत म्हणाला. ‘‘मी तुम्हाला कार्डात लिहिलं नाही. ते म्हणाले, गार टोक स्थिर असेल तर वीज उडी मारू शकत नाही. रूप पालटलं तर चाल बदलेल, उडी यायची नाही. म्हणूनच म्हणाले, बघून ये.’’

‘‘चाल बदलेल,’’ मास्तर म्हणाले.

‘‘म्हणजे अंशाला जितक्या रेघा आधी पडत होत्या –’’

‘‘कळलं मला.’’

त्यांनी वही उघडली होती. एकशे चार अंश, तीनशे पंधरा. एकशे सहा, तीनशे एकवीस. एकशे आठ, तीनशे सत्तावीस. आपल्याच हातानं लिहिलेले आकडे ते पहिल्यांदा वाचत होते. लिहिताना ते एकाच गोष्टीची वाट बघत होते, उडी कधी येते याची. दोन अंशांना आठ रेघा पडायच्या तिथं सहाच पडताहेत, हे बघायला कुणाला सवड होती?

‘‘चौकटीचा कागद आहे का?’’ हिंदुरावानं विचारलं.

चौकटीचा कागद होता. एकेक आकडा ठिपक्यानं मांडून झाला. रेघ ओढायला पट्टी शोधली तर ती सापडेना. मास्तर उठून कुंपणापाशी गेले आणि शेजाऱ्याला हाक मारली. ही हाक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मारली. विणकरानं काही न विचारता हातभर सूत तोडून दिलं.

सुताचं एक टोक मास्तरांनी धरलं, दुसरं हिंदुरावानं. कागदावर ताणून धरलं. तीस अंशांपासून शंभरापर्यंतचे सगळे ठिपके सुताखाली गेले, मुंग्या रांगेत जाव्यात तसे. एकशे तीनपर्यंत. तिथून पुढं ठिपके सुताला सोडून खाली उतरू लागले. पण विसकटत नव्हते. त्यांची त्यांची दुसरी सरळ रांग होती.

‘‘आता सूत इकडनं धरा,’’ हिंदुराव हळू आवाजात म्हणाला. त्यांनी सूत दुसऱ्या रांगेवर ताणलं. ते एकशे वीसपर्यंत नीट बसलं. जिथं पहिली रांग संपत होती, तिथूनच दुसरी सुरू होत होती. मधे एक कोपरा झाला होता.

‘‘आधीचे रविवार,’’ मास्तर म्हणाले.

ते काढायला वेळ लागला. पण एकदा माठाच्या बारा रेघा त्या त्या जागी परत दिल्या की प्रत्येक रविवारी तोच कोपरा दिसायचा. अठ्ठ्याण्णववाला आणि एकशे सातवाला रविवारसुद्धा शहाण्या पोरांसारखे रांगेत आले. आणि परतीचा प्रवास, बारीक अक्षरातला. तेल निवतानाचे आकडे मास्तरांनी कधी मांडलेच नव्हते, कारण त्यांत उडी नव्हती. त्यांतही तोच कोपरा होता, फक्त चार-पाच अंश खाली.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘‘जाताना एकशे तीनला वळतं आणि येताना अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवला,’’ ते म्हणाले. ‘‘रूप टाकताना जरा रेंगाळतंय.’’

‘‘पदार्थ सोलापूरचा आहे,’’ हिंदुराव म्हणाला. ‘‘आला की लवकर उठत नाही.’’

शिवबाई दारात उभी होती. ‘‘ऊटा तयार आहे, जेवायला चला,’’ ती म्हणाली. ‘‘बरं झालं का वाईट झालं, एवढं सांगा, म्हणजे मला तूप किती वाढायचं ते कळेल.’’

‘‘भरपूर वाढा, अव्वा.’’

जेवताना हुग्गीवर तुपाची धार पडत असताना पत्राची गोष्ट निघाली. हिंदुराव म्हणाला, मी प्रोफेसरसाहेबांना आजच्या आज लिहितो, कागदही बरोबर नेतो. ते शाळेला पत्र देतील यात शंका नाही. ‘‘फक्त ते माठाचं तेवढं लिवायचं न्हाय. कोपरा सापडला, झालं. उडीचं काय, चुकीचं पत्र होतं म्हनायचं.’’

मास्तरांनी घास खाली ठेवला.

‘‘माठ आधी लिहायचा,’’ ते म्हणाले.

‘‘अहो मास्तर, हसतील.’’

‘‘हसू देत. मी पत्रात उडी लिहिली होती. ती कुठून आली ते लिहिल्याशिवाय कोपऱ्यावर कुणी का विश्वास ठेवावा? मीच ठेवणार नाही.’’ एवढं बोलून झाल्यावर त्यांना आपण आवाज चढवला की काय अशी शंका आली आणि ते पानाकडं बघू लागले. ‘‘अर्थात तुला योग्य वाटेल तसं.’’

दहावीला असताना हिंदुरावाचं एक उत्तर पुस्तकातल्याशी जुळत नव्हतं, तेव्हा त्यानं आकडे खोडून जुळवले होते. मास्तरांनी नुसतं खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं होतं. ते बोट त्याला आठवलं असावं.

‘‘माठ आदी,’’ तो म्हणाला. ‘‘आनि नळ येण्याची येळ.’’

‘‘आणि माझं नाव नको हं त्यात,’’ शिवबाई म्हणाली.

‘‘तुमचं नाव न्हाय घातलं तर कसं चालंल? समदं यंत्र तुमीच चालवत हुता.’’

पुण्याहून पत्र आलं ते जूनच्या चार तारखेला, शाळा उघडण्याच्या आधी पाच दिवस. ते हेडमास्तरांच्या नावे होतं. त्यांनी ते मास्तरांच्या घरी येऊन स्वतः वाचून दाखवलं. पत्र मोठं नव्हतं. कांडीच्या विजेची चाल बदलते ती जागा काळजीपूर्वक मोजली आहे, जाताना आणि येताना वेगळी सापडते हे महत्त्वाचं आहे, आणि काम पुढे चालू राहावं, असं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती : ‘आपली चूक ज्या पद्धतीने शोधून मांडली आहे, ती मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवली.’

‘‘कसली चूक हो?’’ हेडमास्तरांनी विचारलं.

‘‘माठ भरायची,’’ मास्तर म्हणाले. हेडमास्तरांना काही कळलं नाही, पण त्यांनी यंत्राचं नाव पुन्हा काढलं नाही. जाताना शिवबाईनं त्यांना माठातलं पाणी दिलं. गार होतं.

पुढच्या रविवारी आठला दिवा लागला. शेजारी माग गप्प होते. मास्तर ठिपक्याकडं बघत एकटेच बसले होते आणि कशाचीच वाट बघत नव्हते. प्रत्येक आकडा आला की ते लिहीत होते, आणि लिहिताना वाचत होते. वहीत त्यांनी पट्टीनं एक नवीन रकाना आखला होता. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं : माठ.

एकशे तीनला ठिपक्यानं चाल बदलली. अगदी हळू, चालता चालता माणूस जरा दमावा आणि कुणाला कळू न देता पाऊल लहान टाकू लागावा तशी. माहीत नसलेल्याला दिसलीही नसती.

भिंतीपलीकडे नळाला पाणी आल्याचा आवाज झाला. घागर दगडावर टेकली.

‘‘भरू का री?’’ शिवबाईनं विचारलं.

‘‘थांब जरा.’’

ते आणखी अठरा अंश थांबले. मग दिवा काढून घेतला आणि तेल निवायला ठेवलं. एकशे तीन उलटून गेले, शंभर झाले, ठिपका अजून पालटलेल्याच रूपाच्या आखूड चालीनं मागं येत होता. नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव. तिथं त्याची पावलं पुन्हा लांब पडू लागली. मास्तरांनी आणखी पाच आकडे घेतले आणि त्यांखाली रेघ ओढली. नळ केव्हाच गेला होता. पण घागरी भरून ठेवलेल्या असणार, हे त्यांना ठाऊक होतं.

‘‘भर आता,’’ त्यांनी हाक दिली.

डबडब आवाज झाला. ठिपका मागं आला. मास्तरांनी रेघा मोजल्या आणि नव्या रकान्यात, नेहमीच्या मोठ्या अक्षरात लिहिलं.